"जेवण तेवढं करून घालायच्या" : प्रतिसरकारातल्या बायकांचं काम नेमकं काय होतं, सोप्या भाषेत

दरवर्षी ९ ऑगस्ट जवळ आला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो यायला लागतात. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा, जी. डी. बापू, किसन वीर, सगळी बेचाळीसच्या चळवळीतली, साताऱ्याच्या प्रतिसरकारातली पुढारी मंडळी. आम्ही वाळवा तालुक्यातली माणसं, आम्हाला या नावांचा अभिमान आहेच. यंदा माझ्या भाचीनं, नववीत आहे ती, ग्रुपवर सरळ विचारलं, "यात बायका कुठायत?" एका काकांनी लिहिलं, "होत्या की, जेवण करून घालायच्या." त्यावर कुणी काही बोललं नाही आणि ग्रुप पुढच्या फोटोवर गेला.

मला ते खटकलं, कारण माझी आज्जी पण हेच म्हणायची. तिला विचारलं की "आम्ही काय केलंय, भाकरी तेवढ्या थापल्या." आम्हाला लहानपणी ते खरंच वाटलं आणि पुढं विचारायचं सुचलंच नाही. नंतर मोठं झाल्यावर या चळवळीबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचत गेलो, जुन्या लोकांना भेटत गेलो, तेव्हा लक्षात आलं की "भाकरी तेवढ्या" यातला 'तेवढ्या' हा शब्दच चुकीचा आहे. म्हणून भाचीसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हे सुरुवातीपासून लिहितोय.

आधी बेसिक : प्रतिसरकार म्हणजे काय

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि पहाट व्हायच्या आत गांधीजींसकट मोठे पुढारी उचलले गेले. म्हणजे चळवळ सुरू झाली त्याच दिवशी ती चालवणारे आत. मग गावोगावच्या लोकांनी आपापल्या अकलेनं चालवली. सातारा जिल्ह्यात (तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पण साताऱ्यातच होता हे लक्षात ठेवा, नाहीतर नावं वाचताना गोंधळ होतो) पहिल्यांदा तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. कराड, तासगाव, मग ९ सप्टेंबरला वडूज, १० ला इस्लामपूर. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर कार्यकर्त्यांना कळून चुकलं की उघड्यावर चालत जाऊन छातीवर गोळ्या घेण्यात आता अर्थ नाही, आणि ते भूमिगत झाले.

भूमिगत म्हणजे पळून जाणं नाही. त्याच भागात राहायचं, काम करायचं, पण पोलिसांना सापडायचं नाही.

त्यातून १९४३ ते १९४६ या काळात जे उभं राहिलं ते प्रतिसरकार. प्रति म्हणजे समोरासमोर उभं केलेलं दुसरं. इंग्रजांचं कोर्ट आहे तर आपली न्यायदान मंडळं, त्यांचे पोलीस आहेत तर आपली तुफान सेना, सोबत दारूबंदी, वाचनालयं, कमी खर्चातली लग्नं. सावकाराला, गुंडाला, फितुराला पायाच्या तळव्यांवर फटके द्यायचे, त्याला पत्री मारणं म्हणायचे, म्हणून लोकांच्या तोंडी नाव पडलं पत्री सरकार. देशात बेचाळीसमध्ये अशी सरकारं अजूनही झाली, उत्तर प्रदेशात बलियाचं काही दिवस टिकलं, बंगालात तामलुकचं १९४२ च्या डिसेंबरपासून १९४४ पर्यंत टिकलं, पण साताऱ्याचं सगळ्यात जास्त काळ चाललं.

आता प्रश्न असा की कसं काय टिकलं? याचं उत्तर बऱ्याचदा धाडस, संघटन, डोंगराळ भाग असं दिलं जातं. हे सगळं खरंच आहे, पण अर्धंच आहे.

माणूस तीन वर्षं लपून राहतो म्हणजे काय लागतं

पंढरीची वारी ज्यांनी जवळून बघितलीय त्यांना हे लगेच कळेल. दिंडीत आपल्याला चालणारी माणसं दिसतात, टाळ दिसतो, पताका दिसते. पण दिंडी पंढरपूरला पोचते कारण रोज दुपारी कुठंतरी कुणीतरी भात शिजवलेला असतो, रात्री कुणाच्या तरी सोप्यात जागा झालेली असते, पाणी भरलेलं असतं. ते एक दिवस जरी चुकलं तरी दिंडी तिथंच बसेल. आता अशी दिंडी कल्पना करा जी कुठल्या गावात उतरणार हे आधी सांगता येत नाही, दिवसा नाही रात्रीच येणार, येताना कुत्री भुंकली तर अख्ख्या गावाला कळणार, आणि जेवू घातलं म्हणून घरमालकाला जेल होऊ शकते.

हिशोब करून बघू. एका गटात दहा माणसं धरा. रोज पंधरा-वीस मैल चालणारी तरणी पोरं, एकेकाला तीन भाकरी लागतातच. दोन वेळच्या झाल्या साठ. एका किलो ज्वारीच्या पिठाच्या साताठ भाकरी होतात, म्हणजे साठ भाकरींना आठ किलो पीठ. गिरणीत दळायला टाकलं तर गिरणीवाल्याला कळतं की या घरात माणसं चार आणि दळण आठ किलोचं कसं. म्हणजे जात्यावर दळायचं. आठ किलो ज्वारी जात्यावर दळायला दोघी बायकांना किती वेळ लागतो आणि खांदे कसे भरून येतात हे ज्यांनी जातं ओढलंय त्यांनाच विचारा. वर ते दळण नेहमीच्याच वेळी, पहाटे, म्हणजे मध्यरात्री जात्याची घरघर ऐकून शेजारीण उठायला नको. मग सरपण. मग धूर, कारण अवेळी चूल पेटली की छपरातनं धूर दिसतो.

आणि हा सगळा काळ युद्धाचा आहे. धान्य महाग, रॉकेल मिळत नाही, रेशनिंग सुरू झालेलं. घरातल्या लेकरांच्या तोंडचं काढूनच ते पीठ येत होतं. कणगीत किती ज्वारी उरली आणि सुगीला किती महिने आहेत हा हिशोब घरातल्या बाईलाच माहीत असायचा, तिनंच मनात मांडायचा आणि तरी परातीत पीठ घ्यायचं.

आज कुठल्याही सैन्याचा माणूस तुम्हाला सांगेल की लढाईत रसद तुटली की लढाई संपली. रसद म्हणजे अन्न, दारूगोळा, औषध, निरोप, निवारा यांचा पुरवठा. सरकारी सैन्यात त्यासाठी वेगळी पलटण असते, त्यांना गणवेश असतो, पगार असतो, पेन्शन असते. प्रतिसरकारची रसद-पलटण माजघरात होती.

"पण भाकरी तर त्या रोजच करायच्या की"

हा आक्षेप मी बऱ्याच चांगल्या, शिकलेल्या माणसांकडून ऐकलाय आणि त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे.

रोजचं काम आणि हे काम यात फरक जोखमीचा आहे. रोजची भाकरी करपली तर सासू बोलेल, ही भाकरी पोलिसांना दिसली तर घर जाईल. हे उगाच वाढवून सांगत नाही. फरारी माणसाच्या घरावर जप्ती यायची, जमीन जायची, बेचाळीसमध्ये सरकारनं गावांवर सामुदायिक दंड बसवले, म्हणजे केलं कुणी आणि भरायचं सगळ्या गावानं. नाना पाटलांच्या मुलीनं, हौसाताईंनी, म्हातारपणी हे तपशिलात सांगितलंय. घरदार जप्त झालं, आई त्या लहान असतानाच गेलेली, आजोळी वाढल्या, आणि शेजारीपाजारी सरकारच्या भीतीनं चिमूटभर मीठसुद्धा द्यायला घाबरायचे. मीठ! आपल्या गावात मिठाला कुणी नाही म्हणत नाही, भांडण असलं तरी देतात.

आता दुसरा मुद्दा. पोलीस गावात आले की पुरुष आधीच मळ्यात, ओढ्यात, उसात गेलेले असायचे. दारात उभी राहायची बाई. "कुठाय तुझा नवरा, काल रात्री कोण आलं होतं, एवढी भांडी कुणाची" याला तोंड द्यायचं काम तिचं. तिथं चेहऱ्यावर एक रेघ हलली तरी माजघरातला माणूस जिवानिशी जाणार. आणि हे एकदा नाही, तीन वर्षं, कधी कुठली रात्र येईल सांगता येत नाही. मोर्चात एकदा जाऊन गोळीसमोर उभं राहायला धैर्य लागतं, ते मोठंच आहे. पण रोज रात्री कडी वाजली की उठायचं आणि दार उघडायच्या आधी एक क्षणात ठरवायचं की आपला आहे का खबऱ्या, हे वेगळ्या जातीचं धैर्य आहे, आणि मला ते कमी वाटत नाही.

आणि माहिती. पाणवठा, बाजार, गिरणी, बाळंतिणीचं घर, सगळीकडं बाई जाते आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. पोलीस पाटलाच्या घरी पाहुणे कोण उतरलेत, फौजदाराचा घोडा कुठल्या वाटेनं गेला, हे डोक्यावर बुट्टी घेऊन जाणाऱ्या बाईला दिसतं. आजच्या भाषेत ती त्या भागातला मोबाईल टॉवर होती. आपण फोनचं कौतुक करतो, टॉवरकडं लक्ष जातं तो बंद पडल्यावरच.

निरोप, बंदुका आणि अंबाडा

आता कुणी म्हणेल की लढणाऱ्या नव्हत्या का? होत्या. आणि त्यांचं पण नाव आपल्या पोरांना माहीत नसतं म्हणून इथं जरा थांबतो.

हौसाताई पाटील. जन्म १९२६, म्हणजे चळवळ ऐन भरात होती तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या. तुफान सेनेच्या कामात होत्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीतल्या बंदुका पळवायच्या होत्या, त्यासाठी त्यांनी नाटक केलं. एक कार्यकर्ता नवरा झाला, हौसाताई बायको, नांदायला येत नाही म्हणून तो तिला रस्त्यावर मारतोय असं. पोलीस बघायला आणि सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आत जाऊन बंदुका उचलल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या योजनेच्या हुशारीवरच खूश झालो होतो. नंतर जाणवलं की ही योजना चालली कशावर, तर नवरा बायकोला रस्त्यात मारतोय यात कुणाला काही विशेष वाटणार नाही, संशय येणार नाही, यावर. आणि मार तर खरा खाल्ला त्यांनी.

१९४४ मध्ये त्या गोव्यात गेल्या. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचं. बाळ जोशी नावाचे साथीदार पणजीच्या तुरुंगात अडकले होते. हौसाताई त्यांची बहीण म्हणून भेटायला गेल्या आणि सुटकेचा बेत लिहिलेला कागद अंबाड्यात लपवून आत नेला. परत येताना मांडवी नदी रात्री पार केली, त्या एका लाकडी पेटीवर आणि साथीदार बाजूनं पोहत. मांडवी ज्यांनी पणजीला बघितलीय त्यांनी तिची रुंदी आठवावी. २०२१ मध्ये ९५ व्या वर्षी त्या गेल्या, बातमी आली आणि दोन दिवसांत गेली.

लीलाताई पाटील खानदेशच्या, अमळनेरकडच्या. त्या आणि डॉ. उत्तमराव पाटील दोघंही बेचाळीसमध्ये पडले. पोलिसांच्या ताब्यातनं निसटून त्या भूमिगत झाल्या आणि साताऱ्याच्या लोकांशी जोडल्या गेल्या. १४ एप्रिल १९४४ ला धुळे भागात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, त्यात साताऱ्याची माणसं आणि खानदेशची माणसं एकत्र होती. दोन लांबलांबचे भाग एका कामासाठी जोडायचे म्हणजे मध्ये किती घरं, किती दारं, किती ताटं लागली असतील याचा विचार करा.

इंदुताई पाटणकर कासेगावच्या. सतराव्या वर्षी, म्हणजे आजच्या अकरावी-बारावीच्या वयात, घर सोडून चळवळीत आल्या. त्यांच्याबद्दल पुढं परत येतोच.

नवऱ्यानं सांगितलं म्हणून केलं असेल?

काही घरांत तसंही असेल. त्या काळात बाईला विचारून काही करायची पद्धत नव्हती, आणि "आज रात्री सात माणसं येतील" असं सांगून नवरा मोकळा झाला असेल, मी ते नाकारत नाही. पण एवढ्यावर तीन वर्षं निघत नाहीत. मनातनं नसतं तर एखाद्या दिवशी शेजारणीकडं नुसतं "काय करावं बाई, रोज माणसं जेवायला" एवढं बोलून गेली असती तरी खेळ संपला असता. हजारो बायकांच्या पोटात ती गोष्ट राहिली, ती कुणाच्या हुकमावर राहत नाही.

मग त्यांना यात आपलं असं काय दिसलं? माझं उत्तर असं आहे की प्रतिसरकारनं जे प्रश्न हातात घेतले ते बाईच्या उंबऱ्यावरचे होते. सुरुवातीलाच दरोडेखोर आणि गावगुंड यांचा बंदोबस्त केला, वस्तीवर राहणाऱ्या बाईला रात्री झोप लागायला लागली. दारूबंदी केली, याचा फायदा सगळ्यात आधी कुणाला ते सांगायला नको. सावकाराला चाप लावला, कारण कर्ज थकलं की सावकाराची नजर पहिल्यांदा बाईच्या अंगावरच्या डागाकडं जायची, डाग म्हणजे दागिना. बाईवर हात टाकणाऱ्याला, बायको टाकून देणाऱ्याला न्यायदान मंडळासमोर उभं केलं जायचं. इंग्रजांच्या कोर्टात जायचं तर वकील, तारखा, तालुक्याला जायला पैसे. इथं न्याय गावात, आपल्या बोलीत, आणि त्याच आठवड्यात.

आणि गांधी विवाह. मानपान नाही, वाजंत्री नाही, हुंडा नाही, हार घालायचे आणि लग्न झालं. जी. डी. बापू लाड आणि विजयाताईंचं लग्न १९४५ ला कुंडलला असंच झालं, इंदुताई आणि बाबूजी पाटणकरांचं १९४६ ला असंच झालं. मुलीच्या लग्नापायी रान गहाण पडायच्या काळात हे काय होतं ते चार लेकी असलेल्या आईलाच कळलं असणार.

अजून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा भाग कोरा नव्हता. सावित्रीबाई फुले याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, १८३१ च्या. सत्यशोधक जलसे, म्हणजे फुल्यांचे विचार सांगणारे गाण्या-नाट्याचे कार्यक्रम, या गावांतनं फिरलेले, रयत शिक्षण संस्था १९१९ पासून इथं उभी राहिलेली. बाई माणूस आहे, लग्नात भट-सावकाराचं घर भरायची गरज नाही, हे बोलणं दोन पिढ्या कानावर होतं. बेचाळीसचं बी त्या नांगरलेल्या रानात पडलं.

पत्री मारण्याबद्दल पण एक वाक्य, कारण कुणीतरी विचारणारच. फटके मारून न्याय करणं हे आजच्या मापानं योग्य नाही आणि तेव्हाही त्यावर वाद झाले, चुकीच्या माणसाला मार बसला तर परत घेता येत नाही. मी त्याचं समर्थन करायला लिहीत नाहीये, बायका या सरकारच्या पाठीशी का उभ्या राहिल्या हे सांगतोय.

मग नोंद का नाही? हाच खरा गुंता

इथं नीट लक्ष द्या, कारण मला हे समजायला बरीच वर्षं गेली.

भूमिगत कामाचा नियम असा की काम जितकं चोख तितका पुरावा कमी. पकडला गेला तर पोलीस डायरीत नाव, कोर्टात नाव, जेलच्या रजिस्टरमध्ये नाव. मारला गेला तर हुतात्मा स्मारकावर नाव. आणि जिच्या घरात तीन वर्षं माणसं येऊन जेवून गेली आणि पोलिसांना पत्ता लागला नाही, तिचं नाव कुठं? कुठंच नाही. तिचं काम शंभर टक्के यशस्वी झालं म्हणूनच ते कागदावर नाही.

आता यावर स्वातंत्र्यानंतरचा कागद चढवा. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन १९७२ ला सुरू झाली, १९८० ला वाढवली. मिळायला काय लागतं? किमान सहा महिने तुरुंगवास, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने. म्हणजे बायकांना सवलत दिलीय, सरकारचा हेतू वाईट नव्हता. भूमिगत असाल तर सहा महिन्यांवर भूमिगत, आणि तुम्हाला फरारी जाहीर केल्याचा, डोक्यावर बक्षीस लावल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा पुरावा. मूळ कागद नसतील तर नामवंत स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला.

आता भाकरीवाल्या बाईला या चाळणीत टाका. तुरुंगात गेली नाही. फरारी पण नाही, ती तर रोज त्याच घरात होती, तिथं राहणं हेच तिचं काम होतं. डोक्यावर बक्षीस नाही, डोक्यावर बुट्टी. दाखला कोण देणार, जे जेवून गेले त्यांना सुद्धा तिचं नाव माहीत नसायचं, अंधारात "वैनी, पाणी द्या" एवढंच बोलणं, आणि नाव विचारायचं नाही हा तर भूमिगतांचा नियमच, पकडलं गेल्यावर तोंडातनं निघू नये म्हणून. हा नियम तिला वाचवायलाच होता, पण त्यानं तिला नंतर पुसून टाकलं.

बरं, बऱ्याच जणींचं नाव सरकारी कागदावर शेवटी आलं, पण ते स्वातंत्र्यसैनिकाची विधवा म्हणून, नवऱ्याची पेन्शन तिच्या नावावर झाली तेव्हा. एकाच घरातले दोघं, एकच चळवळ, तो सैनिक आणि ती सैनिकाची बायको.

नियम करणाऱ्यांना पुरावा लागणारच, नाहीतर कुणीही उठून अर्ज करेल, आणि खोटे अर्ज झालेतच. त्यामुळे मी म्हणत नाही की सगळ्यांना पेन्शन द्यायला हवी होती. मी एवढंच म्हणतो की पेन्शनची यादी म्हणजे पैसे कुणाला द्यायचे याची यादी आहे. ती आपण इतिहासाची यादी म्हणून वाचतो, शाळेत तीच लावतो, ९ ऑगस्टला तीच ग्रुपवर टाकतो, इथं गडबड होते.

हे फक्त साताऱ्यातच झालं का

नाही. बेचाळीसमध्ये देशभरातल्या ज्या बायकांची नावं आपल्याला माहीत आहेत ती बघा. गवालिया टँकवर तिरंगा फडकवणाऱ्या अरुणा असफ अली. मुंबईत छुपा काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता, नोव्हेंबर १९४२ मध्ये पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. आसामात गोहपूरला २० सप्टेंबर १९४२ ला झेंडा घेऊन चालताना गोळी लागलेली सतरा वर्षांची कनकलता बरुआ. तामलुकला २९ सप्टेंबरला गोळ्या झेलणाऱ्या सत्तरी पार केलेल्या मातंगिनी हाजरा. चौघींपुढं मान झुकते. पण कुणी शहरात सगळ्यांसमोर, कुणी पकडली गेली, कुणी मारली गेली. नोंद व्हायला एक क्षण लागतो, ज्याचा फोटो निघतो किंवा पंचनामा होतो. खेड्यातल्या बाईचं काम क्षणाचं नव्हतं, हजार रात्रींचं होतं, आणि हजार रात्रींचा पंचनामा होत नाही.

तामलुकच्या सरकारात बायकांची वेगळी भगिनी सेना होती. तशी वेगळी सेना साताऱ्यात उभी राहिली नाही, हे पण खरं आहे.

अडचणीची गोष्ट पण सांगायला पाहिजे

प्रतिसरकारचे प्रमुख म्हणून जी नावं घेतली जातात ती सगळी पुरुषांची. निर्णय घेणाऱ्या बैठकांत बायका फार कमी. हौसाताई, लीलाताई, इंदुताई यांच्यासारख्या कामात पुढं होत्या, पण जिल्ह्याचा कारभार बाईच्या हातात असं कुठं दिसत नाही. बायकांना न्याय मिळाला पण न्याय देणाऱ्यांत त्या बसल्या नाहीत.

आणि ज्यांची आठवण राहिली त्या बहुतेक शेतकरी घरांतल्या, जमीनवाल्या घरांतल्या. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतल्या, मजुरी करणाऱ्या बायकांनी वाटा दाखवल्या नसतील, निरोप नेले नसतील असं मला मुळीच वाटत नाही. पण त्यांच्याकडं जाऊन कुणी विचारलंच नाही, आणि हा दोष आमच्यासारख्या घरांचा आहे, आम्ही आमच्याच आज्ज्यांचं कौतुक लिहीत बसलो.

मग स्वातंत्र्य आलं आणि बायका परत चुलीपाशी गेल्या असं म्हणतात. बऱ्याच गेल्या. पण इंदुताईंचं बघा. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच बाबूजींचा खून झाला, पदरात लहान मुलगा. त्यांनी नोकरी केली, शिकवलं, मुलाला वाढवलं, आणि पुढं टाकून दिलेल्या बायकांच्या हक्कांसाठी सांगली जिल्ह्यात जी चळवळ झाली त्यात म्हातारपणी परत उभ्या राहिल्या. नवऱ्यानं सोडलेल्या बाईला रेशनकार्डावर स्वतःचं नाव पाहिजे, राहायला जागा पाहिजे, या मागण्या. बेचाळीसला न्यायदान मंडळासमोर जो प्रश्न यायचा तोच हा, फक्त आता बाई स्वतः मांडत होती. २०१७ मध्ये त्या गेल्या. ७५ वर्षं एकाच कामात काढली असं म्हटलं तरी चालेल.

आता काय करता येतं

१९४३ ला पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज शंभरीच्या जवळ आहे. म्हणजे ज्यांनी केलं त्या जवळपास सगळ्या गेल्या. पण त्यांच्या सुना आहेत, सत्तर-पंचाहत्तरीच्या, ज्यांनी जात्यावर, चुलीपाशी सासूच्या तोंडून ऐकलंय. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं मोठं काम झालंय, लाखाच्या वर ओव्या जमल्या, त्यावरून कळतं की ज्या बायकांनी कागदावर एक अक्षर लिहिलं नाही त्यांच्याकडं सांगायला केवढं होतं. विचारणारा पाहिजे.

आणि कसं विचारायचं याला पण महत्त्व आहे. मी आज्जीला विचारायचो "तू चळवळीत होतीस का" आणि ती नाही म्हणायची. तिच्या लेखी चळवळ म्हणजे बंदूक आणि भाषण. मागच्या महिन्यात चुलतीला वेगळं विचारलं, "आपल्याकडं रात्री जेवायला कोण यायचं असं आज्जी सांगायची का?" तर ती पाऊण तास बोलली. परड्यातल्या दाराला तेल घालायचे म्हणे, कुरकुर वाजू नये म्हणून. वैरणीच्या गंजीत माणूस झोपवून वरनं पेंढ्या रचायचे. आणि एकदा झडती आली तेव्हा आज्जीनं बाळंतीण झोपलीय म्हणून माजघराच्या दारात आडवी बसून पोलिसांना आत येऊ दिलं नाही, आत बाळंतीण कुणीच नव्हती.

तुमच्याकडं असं कुणी असेल तर या दिवाळीला गावी गेल्यावर फोनवर रेकॉर्ड करा. दळण कुठं करायचात, भांडी कुठं लपवायचात, पोलीस आले तर दारात कोण जायचं, निरोप कोण घेऊन यायचं, असे बारीक प्रश्न विचारा. मळ्यातल्या घरात विचारा तसं वस्तीवर जाऊनही विचारा. आणि लिहून ठेवताना बाईचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव आणि सासरचं गाव तिन्ही लिहा. आमच्या चुलतीला तिच्या सासूबरोबर दळायला बसणाऱ्या शेजारणीचं नाव आठवेना, "ती गणपाची आई" एवढंच आठवतं, आणि ते नाव सांगू शकेल असं आता त्या गल्लीत कुणी उरलेलं नाही.